द्राक्ष बागायतदार दर ऑगस्टमध्ये शाळेत का बसतात?

ऑगस्ट संपत आला की नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतले द्राक्ष बागायतदार दोन-तीन दिवसांसाठी बागेतली कामं मार्गी लावतात आणि पुण्याची वाट धरतात. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं वार्षिक अधिवेशन आणि चर्चासत्र साधारण याच सुमारास भरतं. मंत्र्यांची भाषणं होतात, मागण्यांची निवेदनं दिली जातात. बातम्यांत येतं ते एवढंच. पण बागायतदार वही-पेन घेऊन येतो तो पुढच्या सत्रांसाठी. छाटणी कधी घ्यायची, कोणत्या डोळ्यावर घ्यायची, डाऊनीला कसं रोखायचं, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, अशा प्रश्नांवर तिथे तासन् तास चर्चा चालते.

एका पिकाच्या शेतकऱ्यांनी स्वतःची संघटना करून साठ वर्षांहून अधिक काळ असं शिक्षण चालू ठेवणं सोपं नाही. या शाळेनं राज्याच्या द्राक्षशेतीला काय दिलं आणि आज ती कुठे अपुरी पडते आहे?

ऑगस्टच का?

याचं उत्तर वेलीच्या वेळापत्रकात आहे. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, पीक मात्र एकदाच घेतलं जातं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते. तिच्यानंतर नव्या काड्या तयार होतात आणि त्या काड्यांवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होऊ लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. नाशिककडे तिला गोडी छाटणी म्हणतात. त्यानंतर साधारण चार महिन्यांत द्राक्षं काढणीला येतात.

फळछाटणीचा दिवस ठरला की पुढचं जवळपास सगळं ठरून जातं. फुलोरा कोणत्या आठवड्यात येणार, तेव्हा पाऊस असेल का, मण्यांत गोडी भरताना थंडी किती असेल, माल बाजारात कधी पोहोचेल, हे त्या एका तारखेवर अवलंबून असतं. एकदा कात्री चालली की निर्णय मागे घेता येत नाही. म्हणून जे शिकायचं ते कात्री लावण्याआधी शिकावं लागतं.

अर्थात हे वेळापत्रक सगळ्यांना सोयीचं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा, कळवण, देवळा भागांत अगाप द्राक्ष घेणारे शेतकरी जून-जुलैपासूनच फळछाटणी सुरू करतात. पुण्यात चर्चासत्र भरतं तेव्हा त्यांच्या बागा केव्हाच फुटलेल्या असतात.

शेतकऱ्यांनीच उभी केलेली शाळा

संघाची स्थापना १९६० ची. पुण्याजवळ मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं ते १९९७ मध्ये. म्हणजे जवळपास चार दशकं महाराष्ट्रातल्या बागायतदारांकडे द्राक्षासाठी वेगळी राष्ट्रीय संशोधन संस्था नव्हती. या काळात कृषी विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांची साथ होती. तरीही बरंचसं ज्ञान शेतकऱ्यांनी बागेतच प्रयोग करून मिळवलं आणि ते एकमेकांना सांगितलं.

आज बाजारात ज्या जातींची नावं ऐकू येतात, त्यांतल्या काही याच प्रयोगांतून आल्या. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतल्या वेगळ्या वेली हेरल्या आणि त्यांतून ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आली. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि काळ्या द्राक्षांची ‘शरद सीडलेस’ या जाती निवडल्या. हे दोघेही शेतकरी होते. एकाच्या बागेतलं निरीक्षण राज्यभर पोहोचायचं तर ते सांगायला व्यासपीठ लागतं. चर्चासत्रं आणि शिवारफेऱ्यांनी ते काम केलं.

निर्यातही अशीच शिकून आली. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ ही सहकारी संस्थांची भागीदारी सुरू झाली. गोड द्राक्ष पिकवणं आणि ते जहाजातून युरोपात ताजं पोहोचवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे तेव्हा लक्षात आलं. मण्यांचा आकार एकसारखा हवा, माल तोडल्यावर लगेच थंड करायला हवा, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद हवा. या गोष्टी एकेक करून अंगवळणी पडल्या.

२०१० चा महागडा धडा

शिकण्यात एक जरी फट राहिली तर काय होतं, हे २०१० च्या हंगामानं दाखवलं. खरड छाटणीनंतर काडीची वाढ आटोक्यात राहावी आणि घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून क्लोरमेक्वॅट क्लोराईड हे संजीवक वापरलं जाई. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. ही फवारणी काढणीच्या कित्येक महिने आधीची असते. त्यामुळे तिचा अंश फळात उतरेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. निर्यातीआधी भारतात ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीतही ते नव्हतं.

युरोपातल्या प्रयोगशाळांना ते सापडलं. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, दर कोसळले आणि अनेक बागायतदार कर्जात गेले. यात बहुतेकांनी नियम मोडला नव्हता. त्यांना शिकवलं गेलं होतं तेच त्यांनी केलं होतं.

त्यानंतर द्राक्षशेतीतल्या शिक्षणाचा रोख बदलला. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि उर्वरित अंशाची तपासणी यासाठी अपेडाची ‘ग्रेपनेट’ यंत्रणा २००६ पासून होतीच. आता तपासायच्या रसायनांची यादी वाढली. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारस केलेल्या औषधांची यादी वेळोवेळी सुधारून देतं. बागायतदार तिला ‘अ‍ॅनेक्श्चर ५’ म्हणून ओळखतात. कोणतं औषध, किती प्रमाणात आणि काढणीच्या किती दिवस आधीपर्यंत, हे त्यात असतं. चर्चासत्रात ही यादी समजून घेणं हा आता नेहमीचा भाग आहे.

इथे एक अडचण मात्र आहे. शेतीविषयक परिषदांच्या आवारात औषध आणि खत कंपन्यांचे स्टॉल असतात. आत शास्त्रज्ञ ‘गरजेपुरतंच फवारा’ सांगतात आणि बाहेर नव्या बाटलीचं पत्रक हातात पडतं. कोणता सल्ला शिफारशीतून आला आणि कोणता विक्रीतून, हे ओळखायला शिकणं हाही शिक्षणाचाच भाग ठरतो.

२०२५: अभ्यास झाला, पण ऊन मिळालं नाही

गेल्या काही वर्षांत संकटाचं रूप बदललं आहे. २०१९ मध्ये परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला आणि पोंगा व फुलोऱ्यातल्या बागांत डाऊनीनं घड कुजले. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपिटीनं बागा झोडपल्या.

२०२५ मध्ये पावसानं आणखी मुळावर घाव घातला. त्या वर्षी मे महिन्यातच राज्यात विक्रमी पाऊस झाला आणि पुढे मॉन्सूनही लवकर आला. खरड छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होत असते. तिला भरपूर ऊन लागतं. नेमक्या त्याच दिवसांत आभाळ भरलेलं राहिलं. ऑक्टोबरमध्ये छाटणी केल्यावर अनेक बागांत फुटी निघाल्या, पण घड दिसले नाहीत. काही ठिकाणी निघालेले घड जिरले, म्हणजे त्यांची बाळी झाली. काही बागायतदारांनी बागेवर कुऱ्हाड चालवली.

यात शिक्षणानं काय साधलं असतं? पाऊस थांबला नसता. पण फळछाटणीआधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घेता येतात. घड कितव्या डोळ्यात आहे हे कळलं तर छाटणी त्या हिशेबानं घेता येते. घड फारच कमी असतील तर त्या हंगामात किती खर्च करायचा याचाही विचार करता येतो. द्राक्षाला एकरी लाखोंचा खर्च येतो. छाटणीनंतर कळण्यापेक्षा आधी कळणं यात कर्जाच्या एका हप्त्याचा फरक पडू शकतो. ज्या बागायतदारापर्यंत ही गोष्ट वेळेत पोहोचली नाही, त्याचं नुकसान दुहेरी झालं.

सभागृहात कोण नसतं?

चर्चासत्र सभासद बागायतदारांसाठी असतं. पण बागेत कात्री बहुतेक वेळा मालकाच्या हातात नसते. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या छाटणीला येतात. फेलफुटी काढणं, विरळणी करणं, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं ही नाजूक कामं हजारो बाया करतात. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंगही मजूरच करतात. ते रसायन त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहे.

मालक पुण्यात जे ऐकून येतो, ते या हातांपर्यंत तोंडी आणि घाईत पोहोचतं. कितव्या डोळ्यावर छाटायचं हा सल्ला कितीही अचूक असला, तरी तो अमलात आणणारी व्यक्ती शिकवणीच्या बाहेरच राहते. हातमोजे का घालायचे हे तिला कुणी समजावून सांगितलं नसेल, तर त्याची किंमत तीच मोजते.

लहान शेतकऱ्याचंही तसंच आहे. ज्याची बाग एकरभर आहे, त्याला दोन-तीन दिवस पुण्यात राहणं परवडेलच असं नाही. तो सल्ल्यासाठी जवळच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभा राहतो.

परिषदेत न सुटणारे प्रश्न

काही प्रश्न कितीही शिकलं तरी बागेत सुटत नाहीत. परदेशी बाजारात रंगीत, कुरकुरीत आणि ठसठशीत मण्यांच्या नव्या जातींना मागणी आहे. त्यांतल्या बहुतेक जातींवर पैदासकार कंपन्यांचे हक्क आहेत. परवाना आणि स्वामित्वशुल्क दिल्याशिवाय त्या लावता येत नाहीत. मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने अशा करारातून ‘आरा’ जाती आणल्या. पण शेजाऱ्याकडून काडी आणून कलम करायची जुनी रीत इथे चालत नाही. ‘तास-ए-गणेश’ ज्या मोकळेपणानं राज्यभर पसरली, तो मोकळेपणा या जातींच्या बाबतीत नाही. मांजरीच्या केंद्रानं ‘मांजरी नवीन’सारख्या जाती दिल्या आहेत. तरी सार्वजनिक संशोधनाचा वेग वाढवा ही मागणी कायम आहे.

बांगलादेशसारख्या जवळच्या बाजारात आयात शुल्क वाढलं की दर पडतात. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घातलं तर पाऊस आणि गारांपासून बचाव होतो, पण त्याचा एकरी खर्च लाखांत जातो. फळपीक विम्याची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते आणि ते केंद्र बागेपासून दूर असलं की नुकसान होऊनही हाती काही येत नाही. हे सरकारनं सोडवायचे प्रश्न आहेत. म्हणूनच शास्त्रज्ञांची सत्रं आणि मंत्र्यांना दिलेली निवेदनं एकाच मांडवात दिसतात.

पुढे काय?

हवामान दरवर्षी वेगळं वागत असेल, तर वर्षातून एकदा भरणारी शाळा पुरणार नाही. संघाचं ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक आहे, विभागवार मेळावे होतात, मोबाइलवर सल्लेही फिरतात. त्यांना खरड छाटणीनंतरच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, जास्त महत्त्व द्यावं लागेल, कारण पुढच्या पिकाचं भवितव्य तेव्हाच ठरतं. अगाप छाटणीच्या भागांत वेगळ्या तारखेला सत्र हवं. डोळे तपासणीची सोय तालुक्यापर्यंत यायला हवी. आणि छाटणीच्या टोळ्यांसाठी, विरळणी करणाऱ्या बायांसाठी त्यांच्या मजुरीचा दिवस न बुडवता बांधावरच शिकवणी भरवावी लागेल.

महाराष्ट्राला द्राक्षात देशात पहिला क्रमांक मिळवून दिला तो एकमेकांकडून शिकण्याच्या सवयीनं. ती सवय आता मालकाच्या वहीतून बागेत काम करणाऱ्या प्रत्येक हातापर्यंत कशी पोहोचते, यावर पुढच्या ऑक्टोबरची छाटणी बरीचशी अवलंबून असेल.