कपाटातले पुस्तक आणि जात्यावरची ओवी

मुळशीच्या वाटेवर, भूगाव-पिरंगुटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांच्या वाचनमंडळात या पावसाळ्यात वाद झाला. कपाटात ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) आणि कविता महाजन यांची ‘भिन्न’ (२००७) ही पुस्तके कोणीतरी आणून ठेवली होती. ती लेकीबाळींच्या हाती पडू नयेत, सबब काढून टाकावीत, असे एका ज्येष्ठ बंधूंनी सुचविले. त्यांचे म्हणणे असे की, अंगाच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडण्याचे हे खूळ शहरी आहे. खेड्यातल्या साध्या, सोशिक स्त्रीला असले काही सुचत नाही.

बंधूंनी निदान हे वाक्य तरी मुळशीत बसून उच्चारायला नको होते. याच तालुक्याच्या डोंगरवाड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हा संग्रह महाराष्ट्रभरच्या गावांतून वाढत एक लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांत माहेरची ओढ आणि विठूची भक्ती आहेच. पण मुलीच्या जन्माला लागलेले दूषण आहे, नवऱ्याचा मार आहे, सीतेवरचा अन्याय आहे, आणि विटाळावर रोखठोक सवालही आहे. पहाटेच्या अंधारात, पुरुषमंडळी झोपेत असताना हे सारे म्हटले गेले. ते आपल्या कानी पडले नाही, याचा अर्थ ते नव्हते असा नव्हे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हाही गदारोळ उठला होता, आणि लेखिकेला विभावरी शिरूरकर या नावाआड राहावे लागले होते. गिरणी आली, जाते थांबले. बाई आता कागदावर लिहिते, एवढाच काय तो फरक.

सोशिकपणाची किंमत मी घरात पाहिली आहे. माझ्या एका मावशीचे अंग बाहेर येत असे. चौथ्या बाळंतपणानंतर सुरू झालेले हे दुखणे तिने नऊ वर्षे लुगड्याआड लपविले. नवऱ्याला सांगितले नाही, डॉक्टरांना तर नाहीच. पापनिवेदनात मात्र ती दरवेळी ‘शरीराची अशुद्धता’ म्हणून काहीतरी पुटपुटत असे. आजार तिने पापांच्या यादीत घातला होता! तिच्या हाती एखादे धीट पुस्तक पडले असते, तर तिचा विश्वास डळमळला असता की ती दवाखान्यात गेली असती?

शुभवर्तमान याबाबतीत आपल्यापेक्षा धीट आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री चोरून वस्त्राला शिवली. नियमशास्त्राप्रमाणे तिचा स्पर्शही विटाळाचा. येशूला तिला गुपचूप बरी करून जाऊ देता आले असते. पण तो थांबला, गर्दीत तिला पुढे यायला लावले, आणि तिने भरल्या लोकांत सारे सांगितल्यावर तिला कन्या म्हणून संबोधिले. तिच्या आजाराचे वर्णन मार्काने आणि लूकने गाळले नाही. आपणही ते भर मिस्सात, मुलाबाळांसमोर वाचतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या प्रवचनांतून मानवी देहावरच चिंतन मांडले. वर्ज्य ग्रंथांची सूची तर रोमने १९६६ साली रद्द केली. ती आपल्या वाचनमंडळात पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणी दिला?

या प्रकारची सगळीच पुस्तके चांगली असतात, असे मी म्हणत नाही. काहींत दुःखाचा बाजार असतो. काही नुसतीच कंटाळवाणी असतात. तरुण मुलींनी ती आईबरोबर वाचावीत, ही सूचना मला मान्य आहे. वडिलांनीही वाचावीत, हे मात्र सूचना करणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही!

असो. पुस्तके अखेर कपाटातून निघाली, आणि सध्या माझ्या घरी आहेत. ‘आयदान’ एका गृहिणीने नेले असून ‘भिन्न’ शिल्लक आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर मला भेटावे.