तांब्या कॉम्प्युटर काढत नाही!

"कॉम्प्युटरवर काढलंयस होय? मग त्यात तुझं काय?"

हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. नात्यातल्या वडीलधाऱ्यांपासून एका शाळेतल्या चित्रकलेच्या सरांपर्यंत सगळ्यांचं मत एकच: हातात ब्रश असला की कला, माऊस असला की बनवाबनवी! औंढ्याच्या घरातला पितळी तांब्या मी इंकस्केपमध्ये काढून रंगवला, तेव्हाही हेच. म्हणून आज एकदाच काय ते भांडून घेतो. :)

मुळात हे सॉफ्टवेअर देतं काय? बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा. ह्या रेषांना ज्याचं नाव आहे तो पिअर बेझिए रेनो कंपनीत इंजिनिअर होता. १९६० च्या दशकात त्याने त्या मोटारींच्या पत्र्याचे आकार काढायला वापरल्या. पण तांब्याचा गळा नेमका कुठे आवळतो आणि पोट कुठे सुटतं, हे त्या रेषेला कुठे माहीत? बिंदू कुठे ठेवायचा ते मलाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी तांब्याकडे बघावं लागतं. अर्धी बाजू काढून ती उलटवून जोडली, तर म्हणे लबाडी! अहो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रासाठी सर काय शिकवतात? मधोमध उभी रेष मारा, दोन्ही बाजू सारख्या करा. मीही तेच केलं.

आणि सॉफ्टवेअर चुका झाकतं हा तर शुद्ध गैरसमज. उलट ते त्या वाढवतं! तांब्या नजरेच्या खाली ठेवला, तर तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि बुडाचा त्याहून जास्त गोल. कागदावर हात थरथरला तर चूक खपून जाते. कॉम्प्युटरवर तोच लंबगोल कॉपी करून खाली चिकटवला की तांब्या जमिनीवर बसतच नाही, अधांतरी तरंगतो. मशीनने रेष गुळगुळीत दिली, म्हणून नजर थोडीच मिळते?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही थोडं. तयार 'सोनेरी' ग्रेडियंट ओतायचा, वर एक पांढरी चांदणी चमकवायची, झालं पितळ! असं पितळ कुणाच्या घरात असतं? पितळेची चमकसुद्धा पिवळसर असते आणि तिच्यातला काळोख काळा नसतो, तपकिरी-हिरवट असतो. औंढ्यात जुलैमध्ये लोहगड ढगात बुडालेला असतो, तेव्हा तांब्यावर चांदणी-बिंदणी काही नसते. दारातून येणाऱ्या मळकट उजेडाचा एक रुंद पट्टा पोटावर वाकून पसरलेला असतो, बस्स. तो रंगवायला मला सहा छटा आणि दोन संध्याकाळी लागल्या. हल्ली दोन शब्द टाइप केले की एआय क्षणात तांब्या देतं, पण तो कुठल्याच घरातला नसतो.

कॉम्प्युटरच्या दुनियेतलं सगळ्यात प्रसिद्ध भांडं म्हणजे एक चहाची किटली. १९७५ साली युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेलला त्रिमितीत दाखवायला एखादी साधी वस्तू हवी होती. त्याने घरातली किटली घेतली आणि आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढली! बेझिएच्या रेषा नंतर आल्या, बघणं आधी.

आणि तांब्याचं म्हणाल, तर चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन जोडप्याने १९५८ च्या आपल्या 'इंडिया रिपोर्ट'मध्ये लोट्याचं तोंडभरून कौतुक केलंय. किती पाणी मावेल, डोक्यावर-कमरेवर कसा बसेल, ओतताना कसा वागेल, असे प्रश्न त्यांनी त्या भांड्यावरून विचारले. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपण मात्र तो लोटा मोडीत घालून स्टीलचा आणतो, आणि उरलेला कुणी काढायला बसलं तर विचारतो, "त्यात तुझं काय?"

हे सगळं माझ्यासाठी नाही लिहीत. माझी भाची इंटरमिजिएट झाली. आता तिला इलस्ट्रेशन शिकायचंय आणि घरात सूर असा, की 'कॉम्प्युटरवर टाइमपास नको, खरी चित्रकला कर'. काका, आत्या, इंकस्केपला पैसे पडत नाहीत, घरातला जुना कॉम्प्युटर पुरतो. तिने काढलेली कपबशी बघितलीत? कानाच्या सावलीत बशीचा निळा उतरलाय. तो कुठल्या बटणात नव्हता, तिला दिसला म्हणून आला.

तेव्हा तिला अडवू नका. फारच वाटलं, तर घरातली एखादी वस्तू तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, ह्यात तुला काय दिसतं? त्याचं उत्तर माऊसने दिलं काय नि खडूने दिलं काय, मला दोन्ही चालतं.