कॉमन सेन्सच्या भरवशावर

यूएक्स डिझाइन, म्हणजे वापरणाऱ्याच्या सोयीने मांडणी करण्याचे काम, हा स्वतंत्र व्यवसाय कधी नव्हताच, असे एक जाणते गृहस्थ हल्ली तरुणांना ठासून सांगत असतात. माणसे नेमणे हा त्यांच्या कामाचा भाग असल्यामुळे त्यांचा शब्द ऐकला जातो, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे भाग आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बटण कुठे ठेवायचे, मेन्यूत काय घालायचे हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळते. त्याला कॉमन सेन्स पुरतो. फिग्मा हे डिझाइनचे सॉफ्टवेअर तीन महिन्यांत शिकता येते. 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर' (माहितीरचना) वगैरे जड नावे ही पगार वाढवून घेण्याची युक्ती आहे. शिवाय आता एक वाक्य लिहिले की यंत्र दहा स्क्रीन काढून देते. मग ही माणसे हवीत कशाला? तेव्हा तरुणांनी वेळीच कोडिंग शिकावे, नाहीतर मॅनेजर व्हावे. या साऱ्याचा पाया कॉमन सेन्स पुरतो या एका गृहीतकात आहे. ते खरे असेल तर बाकीचे आपोआप खरे ठरते. म्हणून त्याचाच समाचार आधी आणि सविस्तर घ्यायला हवा.

२००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीने वापरलेली मतपत्रिका घ्या. उमेदवारांची यादी लांब होती आणि काउंटीत वयस्क मतदार पुष्कळ. अक्षर बारीक केले तर त्यांना वाचता येणार नाही, म्हणून तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी अक्षर मोठे ठेवले, नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि छिद्रे पाडायच्या जागा मधोमध एकाखाली एक ठेवल्या. हेतू चांगला, विचार सरळ. कॉमन सेन्स म्हणतात तो हाच. डाव्या पानावर पहिले नाव बुश यांचे, दुसरे गोर यांचे. उजव्या पानावर सर्वांत वर ब्युकॅनन. मधल्या रांगेत मात्र पहिले छिद्र बुश यांचे, दुसरे ब्युकॅनन यांचे आणि तिसरे गोर यांचे. डावे पान वरून खाली वाचत आलेल्या मतदाराने दुसऱ्या नावासाठी दुसरे छिद्र पाडले की मत भलत्याच उमेदवाराला जात होते. ही पत्रिका कोणी लपवून छापली नव्हती. तिचा नमुना मतदारांच्या घरी गेला होता, पक्षांच्या लोकांनीही तो पाहिला होता. निवडणुकीत मुरलेल्या एवढ्या माणसांना त्यात आक्षेप घेण्यासारखे काही दिसले नाही. त्या काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०० हून अधिक मते पडली, आणि त्यांतली बहुतेक आपली नसावीत असे खुद्द ब्युकॅनन यांनीच नंतर सांगितले. एकापेक्षा जास्त छिद्रे पडल्यामुळे १९ हजारांहून अधिक पत्रिका बाद झाल्या. राज्यात बुश यांचे अंतिम मताधिक्य होते ५३७, आणि अध्यक्षपद याच राज्यावर ठरले.

यावर लगेच म्हटले जाते की गोंधळ मतदारांचा, पत्रिकेचा नव्हे. या बचावाचे खंडन मतांच्या हिशेबातच आहे. त्याच काउंटीत टपालाने मत देणाऱ्यांची पत्रिका वेगळ्या मांडणीची होती. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे दोन्ही प्रकारची मते ताडून पाहिली, तेव्हा केंद्रावर पडलेल्या मतांतला ब्युकॅनन यांचा वाटा टपाली मतांतल्या वाट्याच्या चौपट निघाला, आणि गोर यांची २,००० हून अधिक मते चुकून तिकडे गेली असा त्यांचा निष्कर्ष होता. काउंटी तीच, उमेदवार तेच, निवडणूक तीच, फरक मांडणीचा. महासत्तेचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न कोणत्या रेघेसमोर कोणते छिद्र येते इथपर्यंत येऊन ठेपला होता, आणि तरी आमचे गृहस्थ म्हणणार की बटण कुठे ठेवायचे हे कोणालाही कळते.

शहाण्या माणसांना असा दोष का दिसत नाही, याचे कारण सरळ आहे. मांडणी करणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, त्यामुळे तो आपली मांडणी वाचत नाही, फक्त ओळखतो. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत १९७९ साली अपघात झाला तेव्हा नियंत्रण कक्षातला एक दिवा झडप बंद असल्याचे सांगत होता. प्रत्यक्षात तो दिवा झडपेला बंद होण्याचा आदेश गेला की नाही एवढेच दाखवत होता. झडप उघडीच अडकलेली होती आणि भट्टीतले पाणी निघून जात होते. दिवा बसवणाऱ्याच्या लेखी आदेश आणि बंद होणे एकच होते. हा फरक बुद्धीच्या जोरावर आपल्या खोलीत बसून सापडत नाही. ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाच्या हातात वस्तू द्यावी लागते, तो कुठे अडतो ते न टोकता पाहावे लागते, टिपावे लागते आणि मांडणी बदलून पुन्हा दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावी लागते. या कामाची रीत आहे, तिचा सराव लागतो, आणि तिच्यासाठी वेळ व पैसा कोणीतरी मंजूर करावा लागतो. ज्या कामाला रीत, सराव आणि जबाबदारी असते त्याला व्यवसाय म्हणतात.

"पण लोक तक्रार कुठे करतात?" असेही विचारले जाते. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांबाहेरच्या रांगेत उभे आहे. महसूल खात्याचे गाव नमुने ही आपल्याकडची माहितीरचनेची फार जुनी आणि खरोखर विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे. जमीन कोणाच्या नावावर हे नमुना सात सांगतो, तीत काय पिकले हे नमुना बारा, एका खातेदाराची एकूण जमीन किती हे आठ-अ, आणि हक्क कसे बदलत गेले हे नमुना सहा म्हणजे फेरफार. पण ही रचना नोंद ठेवणाऱ्या तलाठ्यासाठी आहे. ती तशीच संकेतस्थळावर आली, तेव्हा आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि मग गट नंबर असा तिचा क्रमही आला. नावाने शोधता येते, पण तेही गाव निवडल्यावर आणि नोंदीत जसे लिहिले आहे तसे नाव लिहिले तर. आजोबांचे नाव आणि बांधावरचा आंबा एवढेच ज्याला ठाऊक, असा मुंबईत वाढलेला वारस त्या पानावर काय करणार? तो तक्रार करत नाही. केंद्रावर जातो, पैसे देतो आणि कागद घेऊन येतो. 'आपले सरकार' पोर्टलवरही सेवा खात्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा असलेल्या बाईला तो महसूल विभागाखाली शोधायचा हे आधी माहीत असावे लागते. चुकीच्या मांडणीचा खर्च असा गरिबाच्या खिशातून जातो आणि कोणत्याही प्रकल्पाच्या हिशेबात दिसत नाही. तक्रार आली नाही हा मांडणी चांगली असल्याचा पुरावा मानणे अन्यायाचे आहे.

जड नावांचा आरोपही जुनाच. पदांची नावे बदलत राहिली हे खरे आहे: आधी इन्फर्मेशन आर्किटेक्ट, मग यूएक्स डिझायनर, आता प्रॉडक्ट डिझायनर. त्या नावांवरून या क्षेत्रातल्या लोकांनी वर्षानुवर्षे जी भांडणे केली, त्यांत शक्ती वाया गेली आणि बाहेरच्यांना हसायला मिळाले. डिझायनरला कोडिंग यावे की नाही, हा वादही असाच दर काही वर्षांनी उकरला जातो. आले तर चांगलेच. पण बांधकामाची माहिती असणे वेगळे आणि घरात कोण कसे राहणार याचा विचार वेगळा. नावे बाजूला ठेवली तरी काम उरते. वेबसाठीच्या माहितीरचनेवरचे १९९८चे गाजलेले पुस्तक लिहिणारे रोझेनफेल्ड आणि मॉरव्हिल हे दोघेही ग्रंथालयशास्त्र शिकलेले होते. आणि ग्रंथालयशास्त्रात या विचाराचा एक मोठा उगम आपल्याच देशातला आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, मूळचे गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडले. एका विषयाला एकच खण न देता त्याची वेगवेगळी अंगे स्वतंत्रपणे सांगायची आणि मग जोडायची, हा त्याचा गाभा. आज साडी घेताना रंग, कापड आणि किंमत अशा वेगवेगळ्या चाळण्या लावता येतात, त्यामागे हाच विचार आहे. पगार वाढवण्याची ही युक्ती असेल तर ती कॉम्प्युटरच्याही आधीची म्हणावी लागेल.

यंत्राच्या मुद्द्याला फार जागा द्यायला नको. यंत्र स्क्रीन काढते. कोणती स्क्रीन नकोच हे ठरवणे त्याच्यावर सोपवता येत नाही. त्याने ज्यांवर अभ्यास केला ते फॉर्म बहुतांश इंग्रजी रिवाजाचे, म्हणून ते नाव, मधले नाव, आडनाव असे रकाने काढणार. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, बाईचे नाव लग्नाआधी एक आणि नंतर दुसरे, आधारवर तिसरेच. आणि एवढ्यावरून अर्ज परत येतो. तीन महिन्यांच्या वर्गांबद्दल मात्र त्या गृहस्थांशी मी सहमत आहे. तिथून एकाच साच्याचे पोर्टफोलिओ घेऊन मुले बाहेर पडतात आणि भरमसाट फी भरून बेकार राहतात. पण फसवे वर्ग निघाले म्हणून विद्याच नाही असा निष्कर्ष निघत नाही. मुंबईत आयआयटीच्या आवारात डिझाइनचे औपचारिक शिक्षण १९६९ पासून दिले जात आहे.

मग करायचे काय? नोकरी देणाऱ्यांनी उमेदवाराला रंगीत स्क्रीन दाखवायला सांगू नये. कोणती मांडणी टाकून दिली आणि कोणाला अडताना पाहून टाकली, हे विचारावे. शिकणाऱ्यांनी सॉफ्टवेअर शिकावेच, पण त्याआधी एखाद्या तहसील कार्यालयातले अर्ज, एखाद्या ग्रंथालयाची तालिका आणि एखाद्या रुग्णालयाचा केसपेपर नीट वाचावा. विद्यापीठांतल्या ग्रंथालयशास्त्र विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे दार उघडून द्यावे. ती मुले या कामाला मुळातच जवळची आहेत. आणि सरकारी पोर्टलच्या निविदेत एक अट असावी. काम मंजूर होण्याआधी दोन-तीन तालुक्यांतल्या खऱ्या अर्जदारांना कोणाच्याही मदतीशिवाय आपल्या मोबाइलवर मराठीतून अर्ज पूर्ण करता आला पाहिजे, आणि तो करता येत नाही तोवर कंत्राटदाराचे बिल निघू नये.