नळ बसले, दुरुस्ती कोणी करावयाची?

ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या इतिहासात सोलापूरचे नाव एका हातपंपामुळे नोंदले गेले आहे, हे आज सोलापुरातही फारसे कोणास ठाऊक नसेल. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात विंधन विहिरी घेण्यात आल्या व त्यांवर बिडाचे पंप बसविण्यात आले. एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले हे पंप सबंध गावाच्या वापरापुढे टिकेनात. त्या दशकाच्या मध्यास युनिसेफला देशातील सुमारे तीन-चतुर्थांश हातपंप बंद आढळले. विहीर होती, खर्चही झाला होता. नव्हती ती दुरुस्ती.

जालन्याच्या मिशनने केलेल्या पोलादी पंपात सोलापूर वेल सर्व्हिसने सुधारणा केल्या, आणि या ‘सोलापूर पंपा’च्या आधारे युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. (सोलापूरचा पंप हाच ‘मार्क वन’ समजला गेला, म्हणून हा ‘टू’.) तो पुढे आफ्रिकेतील खेड्यांतही पोहोचला. परंतु पंप भक्कम झाल्याने प्रश्न सुटला नाही. तामिळनाडूने गावात एक देखरेख करणारा, गटाला एक मिस्त्री व जिल्ह्याला एक दुरुस्ती पथक नेमले, तेव्हा कोठे पंप चालते राहू लागले.

हा धडा आज आठवण्याचे कारण जल जीवन मिशन. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या या योजनेत प्रत्येक ग्रामीण घरास नळाने दरडोई दररोज 55 लिटर पाणी देण्याचे ठरले. 2024 ची मुदत टळली व 2025 च्या अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढविण्यात आली. विलंबाबद्दल पुष्कळ बोलले जाते. माझ्या मते त्याहून गंभीर बाब वेगळीच आहे. नळ बसविण्याचा भांडवली खर्च मुख्यतः केंद्र व राज्य सोसतात. वीजबिल, जलशुद्धीकरणाची पावडर, पंपचालकाचे वेतन व फुटलेली जलवाहिनी हा चालू खर्च मात्र ग्रामपंचायतीच्या माथी येतो. पाणी नियमित येत नाही म्हणून ग्रामस्थ पाणीपट्टी भरीत नाहीत, आणि पाणीपट्टी थकते म्हणून वीज तोडली जाते.

त्यात आपल्या टंचाई निवारणाची रीत अशी, की टंचाई जाहीर झाली म्हणजे टँकरला आणि नळयोजनेच्या ‘विशेष दुरुस्ती’लाही शासनाचा पैसा मिळतो, सुकाळात त्याच दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीने पदरमोड करावयाची. हिशेब जाणणारा सरपंच कशाची वाट पाहील? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष खर्चाच्या मांडणीत आहे.

शाळांची अवस्था याहून अवघड. 2 ऑक्टोबर 2020 रोजी शाळा व अंगणवाड्यांत नळ देण्याची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा महासाथीमुळे शाळा बंद होत्या. नळ आला तो रिकाम्या वर्गाशेजारी! वर्ग भरू लागल्यावर तोटी गळू लागली की दुरुस्ती कशातून करावयाची? शाळेला मिळणारे वार्षिक संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरते. वीस मुलांच्या शाळेचे अनुदान कमी. परंतु तिची तोटी, टाकी व मोटार काही त्या प्रमाणात स्वस्त मिळत नाहीत. मग मुख्याध्यापक खिशात हात घालतात, नाही तर मुले घरून बाटली आणतात. खिचडी शिजविणाऱ्या बाईंना बाटलीने भागत नाही. त्यांना डोक्यावर हंडा घ्यावा लागतो.

जिल्हा परिषदेने शाळांच्या पाणी-दुरुस्तीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावे, ते पटसंख्येवर नव्हे तर शाळागणिक असावे, आणि टंचाईतील विशेष दुरुस्तीचा पैसा पावसाळ्याआधीच नव्हे तर वर्षभर मिळावा. शासनाच्या प्रगतिपत्रकात जोडण्यांची संख्या छापली जाते. तिच्या शेजारी वर्षातून किती दिवस पाणी आले हा रकानाही हवा. तो भरण्यास नवी यंत्रणा नको. शाळेत रोज हजेरी घेतली जाते. त्याच वेळी तोटी उघडून पाहावी आणि पाणी आले की नाही याची नोंद करावी. खर्च एका वहीचा.