घाटीला न्या, पण असे नको

पाचोडच्या आसपास एखादे पोर माळवदावरून, उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून किंवा दुचाकीवरून पडले आणि त्याची मांडी मोडली, की पुढचा मार्ग ठरलेला असतो. आधी जवळचा दवाखाना. तिथे 'फोटो'. फोटोत हाडाचे दोन तुकडे दिसले की हातात चिठ्ठी: घाटीला न्या. घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय. ते पन्नासएक किलोमीटरवर आहे, धुळे-सोलापूर महामार्ग आता चौपदरी आहे, १०८ ची गाडी २०१४ पासून राज्यभर धावते आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याला वाटते, आपले काम झाले. मूल मात्र तो सगळा प्रवास मोकळ्या, लोंबत्या मांडीने करते. प्रत्येक गतिरोधकावर हाडाची टोके मांसात रुततात, आणि सांडणारे रक्त बाहेर न दिसता मांडीतच साचत जाते.

मोठ्या रुग्णालयात पाठवण्याबद्दल आमची तक्रार नाही. उघडी जखम असेल, पाय गार पडला असेल, डोक्याला किंवा पोटाला मार असेल, तर पाठवायलाच हवे आणि तेही ताबडतोब. तक्रार आहे ती पाठवण्याआधीच्या रिकाम्या अर्ध्या तासाबद्दल. आणि त्याहून मोठी तक्रार अशी, की लहान मुलाच्या मोडलेल्या मांडीवर खेड्यात काही उपचार होऊच शकत नाही, हे आपण सगळ्यांनी, डॉक्टरांसकट, मुकाट्याने मान्य करून टाकले आहे.

मोडक्या मांडीच्या इतिहासात सर्वांत जास्त जीव वाचवणारे साधन कोणते, तर लोखंडाचे एक कडे आणि दोन सळया. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी १८७० च्या दशकात ते प्रसिद्ध केले. त्यांचे घराणेच हाडवैद्यांचे. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडून जखम उघडी पडलेल्या सैनिकांपैकी सुरुवातीला शंभरातले ऐंशी दगावत. थॉमसची ही चौकट थेट रणभूमीवर, जखमीला हलवण्यापूर्वी, बांधायला सुरुवात झाली आणि ते प्रमाण विसाच्या खाली आले, असे त्या काळच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. या आकड्यांवर पुढे वाद झाले, तेव्हा त्यातले थोडे कमी करून धरा. मुद्दा तरीही तोच उरतो: पाय आधी ताणून बांधला, मग माणूस हलवला. चौकट नसेल तर मोडका पाय चांगल्या पायाला, मध्ये घडी केलेली चादर घालून, बांधता येतो. याला ना वीज लागते, ना तज्ज्ञ.

आता उपचाराकडे वळू. मुलाचे हाड भरून येण्यासाठी जन्मलेले असते. खाटेवर किती आठवडे ठेवायचे याचा जुना ठोकताळा सोपा आहे: वयाची वर्षे अधिक एक. चार वर्षांच्या मुलाला पाच आठवडे. शिवाय दोन ते दहा वर्षांच्या मुलांत एक गंमत घडते. मोडलेली मांडी जुळून येताना तिकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि ते हाड दुसऱ्या पायाच्या हाडापेक्षा साधारण एक सेंटीमीटर जास्तच वाढते. म्हणून टोके एकमेकांवर एक-दीड सेंटीमीटर चढून जुळली तरी जाणता डॉक्टर निवांत असतो. पालक मात्र निवांत नसतात. फोटो मोबाइलवर असतो, तो भावकीच्या ग्रुपवर फिरतो, आणि 'हाड तर वर-खाली दिसतंय' असे सांगणारा एक मेव्हणा प्रत्येक घरात निघतोच. खरे तर बघायला हवे ते दुसरेच. थोडे वाकडे जुळलेले हाड वाढत्या वयात सरळ होत जाते. गोल फिरून जुळलेले हाड तसेच राहते. म्हणून रोज फेरीला आलेल्याने गुडघ्याची वाटी आणि पाऊल एका दिशेला आहे ना, एवढे जरूर बघावे. त्याला मशीन लागत नाही, नजर लागते.

आपल्याकडे ज्याला 'वजन लावणे' म्हणतात ते ट्रॅक्शन म्हणजे नेमके काय? मांडीचे स्नायू आकसून तुकडे एकमेकांवर ओढतात. पायाला चिकटपट्टी लावून, दोरी कप्पीवरून सोडून, उलट दिशेने तेवढीच ओढ द्यायची. वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पंधरा किलोच्या पोराला दीड किलो, म्हणजे अर्ध्या लिटरच्या सलाइनच्या तीन भरलेल्या बाटल्या. मूल खाली घसरू नये म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा. दोन वर्षांखालच्या, दहा-बारा किलोपर्यंतच्या बाळाचे दोन्ही पाय सरळ वर बांधतात, ढुंगण गादीपासून जेमतेम तळहात सरकेल इतके उचललेले. या पद्धतीत धोका आहे. पट्टी घट्ट झाली तर पावलाचा रक्तपुरवठा तुटतो, तोही चांगल्या पायाचासुद्धा. तेव्हा दर काही तासांनी बोटांचा रंग, ऊब, हालचाल बघणारी सिस्टर हवी, आणि 'लेकराचं पाऊल निळं दिसतंय' असे आई म्हणाली तर रात्री दोनला पट्टी सोडणारे कोणी हवे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात याहून सोपा मार्ग म्हणजे कमरेपासून पायापर्यंतचे प्लास्टर, ज्याला डॉक्टर स्पायका म्हणतात. ते नीट बसवले की मूल काही दिवसांत घरी.

ऑपरेशनचे काय? पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांत आज जगभर लवचीक सळ्या घालण्याकडे कल आहे. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या शल्यचिकित्सकांनी ही पद्धत १९८० च्या सुमारास रुळवली. वाढीच्या चकत्यांना हात न लावता दोन बारीक सळ्या हाडाच्या पोकळीत सरकवायच्या. मूल लवकर उठते, शाळा कमी बुडते. चांगली सोय आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी ऐकून घ्याव्यात. एक, सळी टायटॅनियमचीच पाहिजे हा आग्रह. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टायटॅनियमच्या सळ्यांवर सुमारे २३ टक्के मुलांत हाड वाकडे जुळले, तर साध्या स्टीलच्या सळ्यांवर सुमारे ६ टक्के मुलांत. स्टील कितीतरी स्वस्त. दुसरी गोष्ट आपल्या घरची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या. ऑपरेशनने हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण घटते, हे त्यांना दिसले. पुढे चालण्या-धावण्यात ऑपरेशन झालेले मूल सरस ठरते, असे म्हणण्याइतका पुरावा मात्र मिळाला नाही. म्हणजे तीन वर्षांच्या पोराच्या मांडीत सळी टाकायला शेत गहाण ठेवणाऱ्या बापाला कोणीतरी वेळेवर थांबवायला हवे होते.

ते 'कोणीतरी' खेड्यात हल्ली फार करून हाडवैद्य असतो. त्याच्यावर तोंडसुख घेणे सोपे आहे. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्याने पाय काळा पडलेली मुले मोठ्या रुग्णालयांत येतात, हे खरेच. पण लोक त्याच्याकडे अंधश्रद्धेपायी कमी आणि हिशेबापायी जास्त जातात: तो जवळ आहे, तो 'इथेच बरं करतो' म्हणतो आणि चिठ्ठी देत नाही. सरकारी दवाखान्याने यातले पहिले दोन गुण उचलले तरी त्याचा धंदा निम्मा होईल.

उचलणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात जे पाच तज्ज्ञ पूर्वापार अपेक्षित धरले जातात (सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग आणि भूल), त्यांत अस्थिरोगतज्ज्ञ नाहीच. जे अपेक्षित आहेत त्यांचीही देशभर गरजेच्या मानाने मोठी, जवळपास पाचांत चार इतकी कमतरता असल्याचे केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगत आली आहे. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ येईपर्यंत थांबायचे ठरवले तर आजचे पोर बाप होईल. वजन लावणे आणि लहान मुलाचे प्लास्टर ही कामे एमबीबीएस डॉक्टर आणि दोन परिचारिका शिकू शकतात, वर्षानुवर्षे मिशनच्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यांत ती अशीच होत आली. पाचोडला तर हे वेगळे सांगायला नको. या गावात इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने आणि डॉ. अशोक दयालचंद यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचे काम उभे केले. किशोरवयीन मुलींची लग्ने पुढे ढकलण्याच्या त्यांच्या कामाची दखल देशाबाहेरही घेतली गेली. आठवी-दहावी शिकलेली बाई जर बाळंतिणीतली जोखीम ओळखू शकते, तर पदवीधर डॉक्टरला गुडघ्याची वाटी कुठे बघते आहे हे ओळखता यायला हवे.

शिकवायला माणसेही आहेत. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे. अस्थिरोग विभागातल्या या तरुण डॉक्टरांचा आठवड्यातला एक दिवस पाचोड, पैठण, अंबड अशा ठिकाणी ठरवून दिला, तर नवे पद, नवी इमारत, नवा निधी यातले काहीच लागणार नाही. तो डॉक्टर प्लास्टर तपासेल, आठवड्याचा फोटो बघेल, कोणते मूल सळीसाठी वर न्यायचे ते सांगेल. बाकी सहा दिवस फोटो मोबाइलवरून त्याच्याकडे जाऊ शकतो. मेव्हण्याकडे जातोच आहे.

एक अडचण मात्र शिकवून सुटणारी नाही. पाच आठवडे खाटेवर मूल, म्हणजे पाच आठवडे खाटेजवळ आई. मोसंबीची तोडणी, कापसाची वेचणी चालू असेल तर तेवढी मजुरी गेली. ऊसतोडीला निघालेले कुटुंब असेल तर नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल घेतलेली. बायको दवाखान्यात बसली की कोयता मोडला आणि उचल अंगावर. अशी आई पंधराव्या दिवशी पोराला उचलून नेते, आणि केसपेपरवर 'सल्ल्याविरुद्ध घरी' असा शेरा पडतो. कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवले तर सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची पद्धत सरकारने स्वतःच घातलेली आहे. तोच नियम, त्याच खात्याने, वजनाला बांधलेल्या मुलाच्या आईला लागू करावा. रक्कम लहान आहे, आदेश एका पानाचा आहे, आणि ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, त्याआधी तो निघायला हवा.