पहिली गाडी जुनीच घ्या, दुकानाचा गल्ला मोकळा ठेवा



ट्रेनिंगला येणाऱ्या तरुण दुकानदारांचा एक प्रश्न हमखास असतो. "सर, दुकान दोन-तीन वर्षं नीट चाललंय. आता गाडी घ्यायचीय. कोणती घेऊ?" सोबत मोबाईलवर शोरूमचं कोटेशन उघडलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे : जुनी घे, रोखीनं घे आणि गावातल्या मिस्त्रीला जी उघडता येते तीच घे.

हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. मला कळतं ते. गोरेगावसारख्या गावात गाडी नुसती फिरायला नसते. सोयरिकीला आलेले पाहुणे अंगणातली गाडी बघतात, उधारीची वही कुणी बघत नाही. पण ते पाहुणे चहा पिऊन जातात आणि हप्ता मात्र पाच वर्षं राहतो. म्हणून आज जरा आकड्यात बोलू.

हप्ता कोण भरतो?

समजा ७ लाखांचं कर्ज घेतलं, साडेनऊ टक्के व्याजानं, ५ वर्षांसाठी. हप्ता साधारण १४,७०० रुपये बसतो. पाच वर्षांत ८ लाख ८२ हजार जातात, म्हणजे व्याजच १ लाख ८२ हजार. आता तुमच्या दुकानात सगळा खर्च जाऊन शंभराला दहा रुपये उरतात असं धरा. मग फक्त हप्ता निघण्यासाठी दर महिन्याला १ लाख ४७ हजारांची जादा विक्री पाहिजे. पेट्रोल आणि इन्शुरन्स वेगळं. सोयाबीन, हळदीचा पैसा बाजारात खेळतो तेव्हा ही विक्री होईलही. पण पेरणीनंतरच्या दिवसांत गिऱ्हाईक "दादा, लिहून ठेवा" म्हणतं. बँक काही लिहून ठेवत नाही.

दुसरीकडे गाडीची किंमत बघा. इन्शुरन्सवाले गाडीची किंमत धरताना घसाऱ्याचा ठरलेला तक्ता वापरतात : पहिल्या ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ वर्षांपर्यंत ३०, ४ वर्षांपर्यंत ४० आणि ५ वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे शेवटचा हप्ता भरता तेव्हा कागदावर गाडी निम्मी उरलेली असते. पहिल्या मालकानं ही घट सोसलेली गाडी घ्यायला लाज कसली?

माझ्या तीन गाड्यांचा हिशोब

२०१२ मध्ये मी पहिली गाडी घेतली, २००१ मॉडेलची मारुती ८००, परभणी पासिंग, ५५ हजाराला. एसी नव्हता. उन्हाळ्यात हिंगोलीहून माल घेऊन यायचो तर शर्ट पाठीला चिकटायचा आणि वायरचे बंडल शेजारच्या सीटवर ऐटीत बसलेले असायचे. तीन वर्षांत तिच्यावर २४ हजारांचं काम निघालं : क्लच प्लेट, बॅटरी, दोन टायर आणि थोडं डेंटिंग-पेंटिंग. ४२ हजाराला विकली. घट १३ हजार, म्हणजे महिन्याला ३६० रुपये.

२०१५ मध्ये ओम्नी घेतली, १ लाख २५ हजाराला. घरची माणसं आणि दुकानाचं सामान एकाच खेपेत यायला लागलं. लग्नसराईत शेजारीपाजारी "उद्या ओम्नी मोकळी आहे का?" विचारायचे, हा एक वेगळाच मान. चार वर्षांनी ९५ हजाराला गेली. घट ३० हजार, महिन्याला ६२५ रुपये. मग २०१९ मध्ये वॅगन आर, तीही जुनीच. पहिल्यांदा एसी लावून सेनगावला गेलो तेव्हा आई म्हणाली, "काच खाली कर रे, गुदमरतंय."

८०० आणि ओम्नी निवडण्यामागं साधं कारण होतं. दोघींत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. ८०० बाजारात आली डिसेंबर १९८३ मध्ये, पुढच्याच वर्षी मारुती व्हॅन आली, तीच पुढं ओम्नी झाली. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. इतकी वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीचा पार्ट तालुक्याला मिळतो आणि मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. नांदेडला टो करून न्यावी लागणारी स्वस्त गाडी शेवटी महागच पडते.

प्रत्येक बदल कामानं मागितला तेव्हाच केला. माल वाढला तेव्हा ओम्नी, लांबचे फेरे वाढले तेव्हा वॅगन आर. शेजाऱ्यानं घेतली म्हणून एकही नाही.

"पण टॅक्स वाचतो ना?"

हे अर्धवट ऐकलेलं ज्ञान आहे. धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कारवर साधारण १५ टक्के घसारा मिळतो, हे खरं. पण आपल्यातले बरेच छोटे दुकानदार अंदाजित उत्पन्न दाखवतात, विक्रीच्या ८ टक्के किंवा डिजिटल विक्रीवर ६ टक्के, ज्याला सगळे ४४एडी म्हणतात. त्यात घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. जीएसटीचंही तसंच. दुकानदारानं स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या साध्या कारवर इनपुट क्रेडिट नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोवर मात्र नियमित जीएसटी भरणाऱ्याला ते मिळतं. कंपोझिशनवाल्यांना दोन्हीवर नाही. तुमच्या सीएला एकदा विचारा, मग शोरूमला जा.

जुनी गाडी धंदा शिकवते

जॉर्ज अकर्लोफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढं २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मुद्दा आपल्या आठवडी बाजारात बैल घेणाऱ्या कुठल्याही आजोबांना पटेल असा : विकणाऱ्याला जनावराची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळं घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो, चांगल्या मालाचा मालक बाजारातून निघून जातो आणि खराब माल मागे उरतो.

जुनी गाडी घेताना तुम्ही घेणाऱ्याच्या जागी उभे असता. "टॉप कंडिशन, सिंगल हँड" ऐकून विश्वास बसत नाही. सर्व्हिसचं बिल दाखवलं की बसतो. आता तुमचं गिऱ्हाईक काउंटरपलीकडे तसंच उभं आहे हे लक्षात घ्या. पक्कं बिल, वॉरंटी कार्डावर शिक्का, खराब माल निमूट बदलून देणं, यासाठी तो दोन रुपये जास्त देतो. ही गोष्ट मी कॉलेजात वाचली होती, कळली गाडी बघत फिरताना.

घेताना आणि विकताना

घेताना गाडी सकाळी थंड इंजिनवर स्वतः सुरू करून बघा. सोबत आपला मिस्त्री न्या, त्याची मजुरी द्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आल्याशिवाय टोकनच्या पुढं जाऊ नका. चलन थकलंय का ते ऑनलाइन पाहा.

विकताना जास्त सांभाळा. नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या करून चावी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती घातक आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाली का, हे स्वतः पाहा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं : आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी किती का हातांतून फिरलेली असेना. आणि नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नाही. विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीच्या विम्यात सवलत मिळते.

नवी कधी घ्यावी?

मी नव्या गाडीच्या विरोधात नाही. सहा महिन्यांचा दुकानखर्च बाजूला आहे, व्यापाऱ्यांची देणी वेळेवर जातात आणि मंदीच्या महिन्यातही हप्ता नफ्यातून निघतो, अशी स्थिती असेल तर खुशाल घ्या. घरात म्हातारं माणूस असेल, रात्रीअपरात्री दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर भरवशाच्या आणि एअरबॅग असलेल्या गाडीला दोन पैसे जास्त मोजा. तिथं काटकसर नको.

पण डाउन पेमेंटसाठी दुकानातला माल कमी करणार असाल तर थांबा. २ लाखांचा माल वर्षात सहा वेळा फिरला आणि ८ टक्के सुटले तर ९६ हजार होतात. तेच २ लाख शोरूमला दिले की दुकानात परत येत नाहीत, आणि रिकाम्या फळीकडं बघून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. तिथून त्याला परत आणायला कुठलीच गाडी कामाला येत नाही.

आज दुकान बंद केल्यावर वही काढा आणि गेल्या वर्षातले सगळ्यात मंदीचे तीन महिने शोधा. त्या तीन महिन्यांत हातात काय उरलं ते लिहा. कोणती गाडी घ्यायची, हे तो आकडाच सांगेल.