मेथी विषमुक्त, मग कुर्त्याचं काय?

चारकोपच्या बाजारात परवा मेथीच्या दोन ढिगांसमोर उभा होतो. एक जुडी २० रुपयांची, दुसरी 'विषमुक्त' म्हणून ४० ची. माझ्या पुढच्या ताईंनी ४० ची उचलली आणि आपणहून म्हणाल्या, "घरात लहान बाळ आहे ना!"

लोक महागडं सेंद्रिय अन्न का घेतात, याचं उत्तर मला तिथंच मिळालं. जमिनीचा कस किंवा पृथ्वीचं तापमान हे नंतर येतं. आधी येते ती आपल्या लेकरांची काळजी. दुसरं कारण विश्वास. पाकिटावर २०१७ पासून 'जैविक भारत' हे चिन्ह येऊ लागलं, पण सुट्या जुडीवर कुठलं चिन्ह? तिथं विकणाऱ्याच्या शब्दावरच भरवसा. तिसरं कारण थोडं प्रतिष्ठेचंही आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

यात वाईट काही नाही. स्वार्थातूनही चांगली सवय लागते. अडचण अशी की हा स्वार्थ कपड्यांपर्यंत पोहोचत नाही. कुर्ता पोटात जात नाही, त्यामुळे त्याची भीतीही वाटत नाही. तिथं आपण फक्त भाव आणि फॅशन बघतो.

पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवा. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोहोचले. म्हणजे मेथीतल्या ज्या विषाला आपण घाबरतो, तसलंच विष कापसातही आहे. फरक एवढाच की ते आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या घरात शिरतं. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, तेव्हा अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यातले बहुतेक जण जगभरच्या दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवणारे होते.

आपल्याकडे 'हलाल' या शब्दाच्या जोडीला 'तय्यब' हाही शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगलं, शुद्ध. हॉटेलात शिरताना हलाल आहे का, हे आपण हमखास विचारतो. तय्यब आहे का, हे विचारल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

मी काही वेगळा नाही. गेल्या ईदला सेल लागला म्हणून तीन कुर्ते घेतले. अम्मीने पिशवी बघितली आणि विचारलं, "तीन दिवस ईद आहे का यंदा?" तिच्या काळी जुन्या साड्यांची गोधडी व्हायची, मोठ्याचा सदरा धाकट्याला यायचा, उरलेले कपडे देऊन भांडीवालीकडून पातेलं घेतलं जायचं. पर्यावरण हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. गरिबीने लावलेली सवय होती ती, आणि चार पैसे हातात येताच आम्ही ती लाज वाटून सोडली.

प्रत्येकाने महागडी खादी घ्यावी असं मी म्हणणार नाही. ज्याचा पगार महिनाअखेरीला पुरत नाही त्याला असा उपदेश करणं बरं नव्हे. पण कमी घेणं आणि जास्त दिवस वापरणं, याला पैसे लागत नाहीत. तीनपैकी दोन कुर्त्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. येत्या ईदला त्यातलाच एक घालणार आहे. तुमच्या कपाटात असे किती आहेत, एकदा मोजून बघा.